पुलावरचं नाव

विनू,

तुझा पूल चालू आहे. मीनल माहेरी उमरेडला जाताना तुझ्या खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "ताई, त्या डब्याचं काय ते तुम्हीच पाहा." मी पाहिलं. पंख्यात धूळ होती, ती काढली. बॅटरी गरम लागत होती, ती बदलली. तुझी बायको तुझ्या कॉम्प्युटरला डबा म्हणते आणि तुला ते कधीच आवडलं नाही, हे आठवलं.

तू कसा गेलास, डॉक्टर काय म्हणाले, हे मी इथे लिहिणार नाही. ते इतक्या जणांना सांगून झालं आहे की आता दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असल्यासारखं वाटतं. येणारा विचारतो, मी सांगते, तो चहा घेतो, दारात चपला घालतो, तोवर पुढचा येतो. सगळे म्हणतात, सुनंदा किती खंबीर. खंबीर वगैरे काही नाही. दुकानात लोकांच्या पंपाच्या मोटारी जळून पडल्या आहेत आणि त्यांना शेताला पाणी द्यायचं आहे. रडायलाही दम लागतो, तो सध्या नाही.

मीनलच्या आईनं मला विचारलं, "जावईबापूंचा पूल म्हणजे काय हो? कोणत्या नदीवर?" तू असतास तर त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसवलं असतंस. मी थोडक्यात सांगितलं. म्हटलं, परीक्षा देऊन, लायसन्स काढून हौसेनं वायरलेसवर बोलणारी आम्ही माणसं, आम्हाला हॅम म्हणतात. पूर्वी सगळे एकाच तऱ्हेच्या सेटवर बोलायचे. मग डिजिटल सेट आले आणि आपल्या लोकांत दोन पंथ झाले. काहींनी स्वस्तातले चिनी सेट घेतले, काहींनी महागडे जपानी. चिनी सेट आवाजाचं गाठोडं एका रीतीनं बांधतो, जपानी दुसऱ्या रीतीनं. एकाची गाठ दुसऱ्याला सुटत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं एका गावात राहून एकमेकांना ऐकू येईनाशी झाली. विनूनं घरच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवलं. ते इंटरनेटवरून एका बाजूचं गाठोडं घेतं, सोडतं, दुसऱ्या रीतीनं बांधतं आणि पलीकडे देतं. त्यालाच तो पूल म्हणायचा.

"म्हणजे दुभाषी," त्या म्हणाल्या. एका वाक्यात. तुला समजवायला तासभर लागला असता.

मला या भानगडीत तूच ओढलंस. चाळिशी उलटल्यावर परीक्षेला बसवलंस. मी म्हटलं होतं, मला मोटर वाइंडिंगच्या दुकानातून उठायला फुरसत नाही. तू म्हणालास, "उठायचं कशाले वं ताई? सेट टेबलावर ठेव आन् काम करत राहा." बाबांनी माग मोडून वाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा ते म्हणायचे, हात तेच आहेत, फक्त सूत तांब्याचं झालं. ते दुकान माझ्याकडे आलं, तुझ्याकडे त्यांची बडबड आली. दिवसभर महाल भागातल्या त्या गल्लीत मी लोकांच्या तक्रारी ऐकते. सकाळी सगळे हॅम सेटवर जमून हजेरी देतात, त्या नेटच्या अर्ध्या तासात तेवढं कोणी मोटारीबद्दल बोलत नाही. त्याबद्दल तुला कधी धन्यवाद म्हटले नाहीत. आता म्हणते.

पण तुझं-माझं भांडण अर्धं राहिलं आहे, ते पुरं करायचं आहे.

पुलावर एक तक्ता भरावा लागतो. चिनी सेटवाल्या प्रत्येकाचा एक नंबर असतो. त्या नंबरासमोर त्याचं कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं हवेतलं नाव, लिहायचं. ते लिहिलं नाही, तर तो माणूस बोलतो तेव्हा पलीकडच्या जपानी सेटांच्या पडद्यावर त्याच्याऐवजी पुलाच्या मालकाचं नाव उमटतं. म्हणजे तुझं. मी किती वेळा म्हटलं असेल, तो तक्ता भर. तुझं एकच उत्तर. "आवाज पोचला ना? मंग नावाचं काय लोणचं घालायचं?" अर्धं काटोल तुझ्या नावानं बोलत होतं.

आणि अगदी सुरुवातीला, त्या दिवशी ढोबळे बोलला.

काटोलचा ढोबळे, संत्र्याचा व्यापारी, तुझा जिवाचा दोस्त, चिनी पंथाचा म्होरक्या. पूल तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हता. तू चाचणीसाठी चालू केलास, कुठल्याशा बँकेतलं मशीन बंद पडल्याचा फोन आला आणि तसाच निघून गेलास. पूल उघडा राहिला. दुपारी ढोबळे कन्हानच्या एका मित्राशी गप्पा मारत होता. माझा चिनी सेट टेबलावर चालू होता. माझ्या हातात वार्निशचा ब्रश होता आणि मी ऐकत होते. विषय निघाला बारापात्रे काकांचा, जपानी पंथातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा.

"बारापात्रेच्या अँटेनापेक्षा त्याचं नाक उंच," ढोबळे म्हणाला. दोघं हसले. इथे थांबला असता तर काही नव्हतं. पुढे म्हणाला, "बायको आत शेवटचा श्वास घेऊन राहिली होती आन् हा बाहेर सेटवर बसून होता. सेट लय महागाचा ना बापा, बंद कसा करन?"

काकू गेल्या त्या सकाळी काका हवेत होते, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांनी त्यांना ऐकलं होतं. पण ते असं तोंडावर कोणी आणलं नव्हतं. ढोबळेनंही तोंडावर आणलं नव्हतं. आपल्याच चार लोकांत बोलतो आहोत असं त्याला वाटत होतं. ते सगळं तुझ्या उघड्या पुलावरून काकांच्या बैठकीत जाऊन पडलं. गाठ दोनदा सोडून दोनदा बांधली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. काकांना ऐकू कमी येतं. आयुष्यभर इंजिनिअरकी केलेला माणूस, त्याचा कानापेक्षा पडद्यावर विश्वास. आणि पडद्यावर नाव तुझं.

रविवारी ते तुझ्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते. मीनलनं पोहे पुढे केले. त्यांनी बूटही काढले नाहीत.

"विनू, तुझ्या काकूच्या हातचं खाल्लं तू."

तू उभा राहिलास.

"बाकी कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो," ते म्हणाले. "तू म्हटलं."

मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे न बघता माझ्या पायावर पाय दिलास, लहानपणी बाबांसमोर द्यायचास तसा. आणि म्हणालास, "काका, चुकलं."

एवढंच. ते गेले. दुसऱ्या दिवसापासून ते हवेत आले नाहीत. पूल पुढे सगळ्यांना माहीत झाला, दोन्ही पंथ पुन्हा बोलू लागले, एकमेकांना 'चायनावाले' आणि 'जपानवाले' म्हणून चिडवू लागले, सकाळची हजेरी एक झाली. तुझी वाहवा झाली. हजेरीत बारापात्रे काकांचं कॉलसाइन पुकारलं जायचं आणि उत्तर यायचं नाही.

ते गेल्यावर आपण भांडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"पूल कोणाचा?" तू विचारलंस.

"तुझा."

"लायसन्स कोणाचं?"

"तुझं."

"मंग त्याच्यावरून जे गेलं ते माझं. परीक्षेत लिहून आली ना तू? स्टेशनावरून जाईल त्याले स्टेशनवाला जबाबदार."

"आणि जीभ कोणाची होती?"

"ढोबळेची. पण त्याले कुठं माहीत होतं पलीकडं कोणी ऐकून राहिलं म्हणून? मागून कोण नाही बोलत? तू मीनलबद्दल काय काय बोलते, सांगू का तिले?"

मीनल स्वयंपाकघरातून म्हणाली, "मले माहीत हाय."

तिघंही हसलो आणि विषय बुडाला. तू तेच करायचास, हसवून पाणी फिरवायचास. जाताना दारात मला म्हणालास, "काकाले सांगू नको. ढोबळेलेही नको. ही माणसं आत्ता कुठं जवळ येऊन राहिली, ताई." मी 'बरं' म्हटलं नव्हतं. नुसती चपला घालून निघाले होते. हे नीट लक्षात ठेव.

तू गेल्यावर दोन्हीकडच्यांचे फोन आले. सगळ्यांनी मिळून सकाळच्या नेटवर तुला निरोप द्यायचा, आणि सूत्रं मी घ्यायची. "ताई, तुम्ही रडत नाही ना, म्हणून," ढोबळे म्हणाला आणि स्वतः फोनवर रडला. खरं तर माणूस गेला की त्याच्या कॉलसाइननं स्टेशन चालवायचं नसतं. पुलावरून तुझं नाव उतरवून माझं चढवायला हवं होतं. पण त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात होतं ते?

आपल्यात रीत आहे ती तुला माहीतच आहे, तूच कितीतरी जणांसाठी पाळलीस. गेलेल्याचं कॉलसाइन हजेरीत शेवटचं एकदा पुकारायचं आणि बोलायचं बटण सोडून थांबायचं. कोणी काही बोलायचं नाही. उत्तर येत नाही, हे सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मग यादीतून नाव काढायचं.

माझ्यासमोर दोन्ही सेट होते. मी तुझं कॉलसाइन पुकारलं. आवाज ठीक निघाला. बटण सोडलं. दुकानाचं शटर मी अर्धंच उघडलं होतं. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो किका मारत होता.

शांतता पुरी झाल्यावर पहिला ढोबळे बोलला. त्यानं बटण दाबलं आणि माझ्या जपानी सेटच्या पडद्यावर तुझं नाव उजळलं.

मला कारण ठाऊक होतं. नंबर, तक्ता, रिकामा रकाना, सगळं ठाऊक होतं. तरी मी खुर्ची मागे सरकवली. जपानी पंथातल्या प्रत्येकाच्या घरी त्या क्षणी तेच झालं असणार, कारण ढोबळेनं बोलणं संपवल्यावर तिकडून बराच वेळ कोणी आलं नाही. ढोबळे बिचारा काटोलात बसून विचारत होता, "पोचलं का? ताई, माझं पोचलं का?" त्याच्या पडद्यावर काहीच वेगळं नव्हतं.

"पोचलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बारापात्रे काका दुकानात आले. कापडी पिशवीत त्यांचा सेट होता. मी एका मोटारीचं झाकण खोलत होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझा हात थांबायची वाट पाहिली. तो थांबला नाही, तेव्हा बोलू लागले.

"काल मी ऐकून राहिलो होतो."

"मला वाटलंच."

"तू विनूले पुकारलं. मंग त्याचं नाव आलं सेटवर."

"आलं."

"आवाज ढोबळेचा होता. घरात कोणी नव्हतं, पोराचा तो हेडफोन लावून ऐकत होतो मी. ढोबळेचाच होता."

मी स्क्रू काढत राहिले.

"त्या दिवशीही असंच झालं होतं का, सुनंदा?"

"काका, तुम्ही इंजिनिअर. मला कशाला विचारता?"

"मले समजलं हाय. तुझ्या तोंडून पाहिजे."

तू म्हणाला होतास सांगू नको. मी पुन्हा सांगते, मी 'बरं' म्हटलं नव्हतं. "विनू नव्हता," मी म्हटलं. दुसरं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं, ते तू मला सांगायला हवं होतंस. काकूंना त्या आजारात एकटं वाटायचं, पण कोणी जवळ बसून तोंडाकडे बघत राहिलेलं त्यांना सोसायचं नाही. त्या म्हणायच्या, तुम्ही तिकडं बोलत राहा, मले इथून आवाज येते. "म्हणून मी बोलत राहिलो," काका म्हणाले. "हवा, पाणी, अँटेना, जे सुचन ते. तिच्यासाठी बोलून राहिलो होतो. आत गेलो तर..." त्यांनी पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. विनूले सांगितलं होतं फक्त."

म्हणजे त्या रविवारी ते नुसत्या त्या टोमण्यापायी आले नव्हते, विनू. ज्याला खरं माहीत होतं, त्यानंच हे म्हटलं, असं समजून ते आले होते. आणि तुला तेही कळत होतं. तरी तू म्हणालास, चुकलं.

मला तुझा अभिमान वाटावा असं हे आहे, सगळे तेच म्हणतील. मला राग आला. अजून आहे. तू ढोबळेला वाचवलंस, दोन पंथ जोडलेस, मान्य. पण त्या म्हाताऱ्याजवळ एकच माणूस होता ज्याला ती सकाळ ठाऊक होती. तो माणूस तू त्याच्याकडून काढून घेतलास. स्टेशनवाला जबाबदार, हे परीक्षेतलं उत्तर झालं. पूर्ण गुण. पण खरं सांगितलं असतंस तर ढोबळे काकांच्या पाया पडला असता, काकांनी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या रविवारी दोघं एकत्र जेवले असते. ही माणसं तुला वाटली तेवढी ठिसूळ नव्हती. यावर तू काय म्हणाला असतास, याचा मी रोज वाइंडिंग करताना विचार करते. तुझ्या बाजूनंही मलाच बोलावं लागतं आणि त्याचा फार शीण होतो.

काका उठले तेव्हा मी विचारलं, "ढोबळेला सांगायचं का?"

ते म्हणाले, "विनूनं काय सांगितलं होतं?"

"नको म्हणाला होता."

"मंग?" एवढं म्हणून ते गेले.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी तुझ्या खोलीत गेले आणि तक्ता भरला. सगळे नंबर. काटोलचे, कन्हानचे, ते कामठीचे बापलेक दोघं. ढोबळेचा सर्वांत शेवटी. मग मालकाच्या जागी तुझं कॉलसाइन खोडून माझं घातलं. मशीन बंद करून चालू केलं. आता प्रत्येक जण आपापल्या नावानं बोलतो. तुझं नाव कोणाच्याच पडद्यावर येणार नाही. हेच बरोबर आहे आणि हेच मी कायम सांगत होते. घरी जाऊन मी न जेवता झोपले.

सकाळी हजेरी घेतली. बारापात्रे काकांचं कॉलसाइन सवयीनं पुकारलं आणि पुढच्या नावाकडे वळणार तोच उत्तर आलं. काका हवेत होते. दोन्हीकडून लोक एकदम बटणं दाबू लागले, कोणाचंच नीट ऐकू येईना. मी दोनदा दटावलं तेव्हा गप्प झाले.

मग ढोबळेची पाळी आली. त्यानं काकांना नमस्कार घातला. काका म्हणाले, "नमस्कार, ढोबळे. आज तुमचं नाव दिसून राहिलं सेटवर."

"काहून काका, आधी कोणाचं दिसे?"

"पूलवाल्याचं."

ढोबळे हसला. "म्हणजे मी जे बोललो ते विनूच्या नावानं जाय का?" आणि हसता हसता मध्येच थांबला. त्यानं बटण सोडलं नव्हतं. काटोलच्या मंडईतला आरडाओरडा आणि कुठल्याशा बसचा हॉर्न आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "सगळंच का, काका?"

सूत्रं माझ्याकडे होती, मध्ये पडता आलं असतं. पडले नाही.

माझ्या जपानी सेटच्या पडद्यावर काकांचं नाव उजळलं.

"मी काही रोज ऐकत नव्हतो, ढोबळे," ते म्हणाले. "संत्र्याचं सांगा. यंदा मृग बहार कसा हाय?"

ढोबळे सांगू लागला. आवाज बसला होता त्याचा. झाडांचं सांगितलं, फळगळीचं सांगितलं, व्यापाऱ्यांचं सांगितलं. त्याला थांबताच येईना. काका मध्ये मध्ये "हं, पुढं" म्हणत होते. वेळ संपून गेली होती, गिऱ्हाईक शटरपाशी उभं होतं, आणि मी नेट बंद केलं नाही.